जैसलमेर: कमायचा, सोगरा आणि तंबूतला डीजे

पहिला दिवस

जोधपूरहून जैसलमेरची गाडी सुटली की खिडकीबाहेर खेजडीच खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. आमच्या नगरकडे ती मारुतीच्या देवळामागे एखादी असते आणि दसऱ्यापुरती आठवते. इथे ती बाजरी काढलेल्या रिकाम्या शेतात मधोमध उभी असते. पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना आणि सावली ज्याला मिळेल त्याला. या शेंगा म्हणजे सांगरी. आम्ही दोघं निघालो होतो ती सांगरी खायला आणि मांगणियारांचं, म्हणजे इथल्या पिढीजात गवयांचं, गाणं ऐकायला. किल्ला काय, दिसणारच होता.

दिसलाही. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेला, पिवळ्या दगडाचा, आत अजून वस्ती असलेला. मात्र अखै पोळीतून, म्हणजे दरवाजातून, आत शिरलं की घरांआधी दुकानंच भेटतात: रजया, उंटाच्या चामड्याच्या वह्या, आरशांच्या पिशव्या. गच्चीवरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर पिझ्झा, मोमो, पावभाजी आणि एका ठिकाणी चक्क ‘गुजराती-मराठी थाळी’. खाली पार्किंगजवळ एका मराठी यात्रा कंपनीच्या आचाऱ्याने शेगडी मांडून वरणाला फोडणी दिली होती. त्यांची चेष्टा मी करणार नाही, सत्तरीतल्या माणसाला प्रवासाच्या पाचव्या दिवशी वरणभातच लागतो. पण आम्ही तिथून काढता पाय घेतला.

इथलं खाणं किल्ल्याच्या पायथ्याशी सुरू होतं. गांधी चौक आणि अमरसागर पोळीच्या आसपास सकाळी गाड्यांवर दाल-पकवान मिळतं: चण्याची घट्ट डाळ, वर चिंचेची चटणी आणि कांदा, सोबत कडक तळलेली पुरी. पदार्थ सिंधी. फाळणीपर्यंत या गावाचा व्यापार सिंधकडे तोंड करूनच चालायचा, त्यामुळे तो इथे उपरा वाटत नाही. गोडात घोटुवां लाडू. बुंदी घोटून घोटून तिचा कणही शिल्लक ठेवत नाहीत, वर तूप आणि केशर. मला आपला मोतीचूर जास्त आवडतो. नवऱ्याने माझ्या वाटणीचाही खाल्ला.

संध्याकाळी गडीसरवर गेलो. तळ्याच्या वाटेवरची कमान टीलोन नावाच्या गणिकेने बांधली अशी गोष्ट सांगतात. राजघराण्याला ते खपेना, म्हणून तिने कमानीवर देऊळ बांधून टाकलं, म्हणजे पाडायची कुणाची छाती होऊ नये. कमानीखाली एक भोपा रावणहत्था वाजवत बसला होता. वाद्याची वाटी नारळाच्या करवंटीची, गजाला घुंगरू, आणि शेजारी पुठ्ठ्यावर पैसे पाठवायचा क्यूआर कोड. ‘केसरिया बालम’ संपलं की लगेच हिंदी सिनेमाचं गाणं, ते संपलं की परत केसरिया. खरं तर भोपे पाबूजीची गाथा रंगवलेल्या पडद्यापुढे, म्हणजे फडापुढे, रात्र-रात्र गातात. मी पाबूजीचं काही म्हणाल का विचारलं तर त्याने तळ्यावरच्या गर्दीकडे हात केला आणि म्हणाला, “ये सुनेंगे?” मला उत्तर नव्हतं. पैसे पाठवून आम्ही उठलो.

आमचं राहणं गावातल्या एका घरी होतं. घरमालक भाटी राजपूत, निवृत्त शिक्षक. रात्री चहा घेताना मी त्यांना विचारलं, “मांगणियार कुठे ऐकायला मिळतील?”

“किसके मांगणियार?” ते म्हणाले.

हा प्रश्न मी पुढे सगळीकडे सोबत घेऊन फिरले. मांगणियारांचं घराणं कुणाचं तरी असतं. गाणारे मुसलमान, जजमान बहुतेक हिंदू: भाटी राजपूत, चारण, इतरही जाती. नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. जजमानाच्या घरी मूल झालं, लग्न निघालं, कुणी गेलं, तर त्याचे मांगणियार येणार, गाणार आणि हक्काचा नेग घेऊन जाणार: धान्य, कपडे, रोख, ऐपत असेल तर बकरी, कधी उंट. लंगा या दुसऱ्या गायक जमातीचंही असंच, फक्त त्यांचे जजमान सिंधी सिपाही मुसलमान आणि त्यांचं वाद्य सिंधी सारंगी. मास्तर म्हणाले, दुसऱ्याचे मांगणियार मी कसे बोलावणार? माझे ऐकायचे असतील तर परवा गावी चला, पुतण्याच्या मुलाचा जडूला आहे. जडूला म्हणजे जावळ.

दुसरा दिवस

सकाळी गडीसरजवळच्या वाद्यांच्या आणि लोककलांच्या छोट्या संग्रहालयात गेलो. एका शिक्षकाने हौसेने जमवलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. पर्यटक इथे संध्याकाळच्या कठपुतळ्यांसाठी येतात, सकाळी शुकशुकाट असतो. कमायचा मी पहिल्यांदा हाताच्या अंतरावरून पाहिला. आंब्याच्या एकाच लाकडातून कोरलेला गोल पोटाचा देह, पोटावर शेळीचं कातडं, आतड्याच्या तीन जाड तारा आणि त्यांच्या खाली झंकारणाऱ्या पोलादी तारांची रांग. सारंगीसारखा तो रडत नाही. त्याचा आवाज खर्जातला, थोडा खरखरीत, घोगऱ्या म्हाताऱ्याने मायेने बोलावं तसा. वाजवणारे कमी होत चालले आहेत, कारण हार्मोनियम बाजारात तयार मिळते आणि सुरात लावायला लागत नाही.

इथे दोन माणसांचं नाव घ्यायलाच हवं. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारींनी लेखक विजयदान देथांबरोबर १९६० मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्थान काढलं आणि टेपरेकॉर्डर घेऊन या गायकांच्या वस्त्या पालथ्या घातल्या. जजमानांच्या अंगणातलं हे गाणं दिल्ली आणि युरोपच्या मंचांवर पोहोचलं त्यात त्यांचा वाटा फार मोठा. दुसरे हमीरा गावचे साकर खान. कमायचासाठी २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. हमीरा जोधपूरच्या रस्त्यावर जैसलमेरपासून जवळच आहे, बसमधून नावाची पाटी दिसते.

दुपारी समचं आवतण. मास्तरांनी ‘जाऊ नका’ असं सरळ म्हटलं नाही, “देख आओ” म्हणाले.

सम जैसलमेरपासून ४० किलोमीटर. वाळूच्या टेकड्या खऱ्याच सुंदर आहेत, पण जीप, उंट आणि चार चाकी बाइक यांच्या गर्दीत टेकडीची धार दोन मिनिटंही शाबूत राहत नाही. अंधार पडल्यावर तंबूंच्या मधल्या चौकात कार्यक्रम. टिळा, चहा, भजी. मग सहा जण बसले: हार्मोनियम, ढोलक, खडताल आणि तीन गळे. सुरुवात केसरियाने, पाठोपाठ निंबुडा. निंबुडा सगळ्यांना १९९९ च्या हिंदी सिनेमामुळे माहीत, मूळ गाणं मात्र मांगणियारांचंच. मग काळ्या घागऱ्यातल्या दोघी काळबेलिया नाचल्या. पापणीने नाण्यावरची अंगठी उचलली, टाळ्या झाल्या. काळबेलियांची गाणी आणि नाच २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पण मंचावरचा हा घाट गेल्या शतकातल्या ८० च्या दशकापासूनचा, त्यामुळे ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे निवेदकाचं वाक्य ऐकून मला हसू आलं. अर्थात त्या दोघींचं कसब खोटं नव्हतं. खडताल वाजवणारा तर असा होता की बाकीचे सगळे उठून गेले असते तरी चाललं असतं. शिसवीच्या चार पट्ट्या, हातात दोन-दोन, ना बिजागरी ना झांज. चिपळ्या ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला त्या नुसत्या लाकडातून निघणारे बोल पटकन समजेनात.

सव्वानऊला डीजे लागला. मांगणियारांनी हार्मोनियम मिटली आणि पंजाबी गाण्यांवर सगळा चौक नाचू लागला. जेवणात दाल-बाटी-चुरमा, कारण पाहुण्यांना राजस्थान म्हटलं की बाटी हवी असते. बाजरी नाही. केर-सांगरी होती (केर म्हणजे इथल्या काटेरी झुडपाची छोटी फळं), टोमॅटोच्या रश्श्यात, वर काजू. चव लोणच्याच्या आणि पनीरच्या मधे कुठेतरी. मी ताटात टाकलं नाही एवढंच.

तिसरा दिवस

मास्तरांच्या पुतण्याची जीप सकाळी सातला आली. गावाचं नाव लिहीत नाही, कुणाच्या घरचं कार्य आहे. वाट खडीनच्या बाजूने गेली. खडीन म्हणजे पालीवाल ब्राह्मणांनी बसवलेली शेतीची रीत: खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी मातीचा लांब बांध घालून सखल भागात अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात मी डोळ्यांनी हिरवा गहू पाहिला. आमच्या नगरात याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि टँकर चालतात, हे मनात आलंच.

गावात शिरताच माझी आणि नवऱ्याची फाटाफूट झाली. तो कोटडीत, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत. मी आत, जनान्यात. माझ्या कपाळावर पदर नव्हता म्हणून कुणी काही बोललं नाही, पण एका म्हातारीने माझी ओढणी हळूच डोक्यावर ओढून दिली आणि “बाईसा, बिराजो” म्हणत शेजारी बसवलं.

नवऱ्याचा वृत्तांत आधी. कोटडीच्या दाराशी मांगणियारांच्या म्हाताऱ्या प्रमुखाने उभं राहून शुभराज म्हटलं, जजमानाच्या कुळाची नावं आणि पराक्रम, एका दमात, लयीत. कोटडीतल्या कुणाचा तरी आजोबा राहून गेला तर लगेच दुसऱ्याने हटकलं आणि म्हाताऱ्याने हसून ते नाव पुढच्या ओळीत घातलं. मग कमायचा निघाला. नवऱ्याला रागातलं फार कळत नाही, पण त्याचं म्हणणं असं की तिथे ऐकणारेही कामाला लागलेले होते. ओळ मनासारखी पडली की दाद, शब्द चुकला की टोकणं, एकाने तर अर्ध्यावर थांबवून “सोरठ गा” म्हणून राग बदलायला लावला. गाणं दोन्हीकडून चाललेलं. त्यांच्या देवीचं झालं, कृष्णाचं झालं, मग सिंधी सूफी कलाम. गाणारे मुसलमान, देवी जजमानाची, यात कुणालाच सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आणि आता माझा वृत्तांत, जो मला जास्त मोलाचा वाटतो. आत मांगणियारांच्या बायका होत्या. पाच जणी, एक ढोल, बस. पर्यटकांपुढे येणाऱ्या ताफ्यांत बायका जवळजवळ नसतातच. बाडमेरकडच्या रुक्मा देवी मंचावर गाऊ लागल्या तेव्हा त्यांना आपल्याच समाजाचा रोष घ्यावा लागला होता. घरच्या कार्यात मात्र बायकांच्या गाण्यावाचून पान हलत नाही. त्या हालरिया गात होत्या, बाळाची गाणी. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उंच पट्टीत झेलायची. आवाज उघडे, रापलेले, माइकची सवय नसलेले. आणि त्या बोलीतला ‘ळ’! हिंदीत जो कानाला कधी भेटत नाही तो इथे ओळीओळीला. काळी, पीळी, जळ. अर्ध्या तासात मला गाणी निम्मी कळायला लागली.

एका गाण्यात आत्या, मामी, काकू यांची नावं येतात आणि जिचं नाव येईल तिने ढोलावर नोट ठेवायची. दोन कडवी झाल्यावर त्या थांबल्या, आपापसात कुजबुजल्या, आणि पुढच्या कडव्यात ‘पूनावाळी बाईसा’ आली. सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मी नोट ठेवली. ढोलवाल्या बाईने ती उचलून उजेडात धरून पाहिली, बायका खो-खो हसल्या, मग मी दुसरीही ठेवली.

जेवण अंगणात. चुलीवर सोगरे चालू होते. सोगरा म्हणजे बाजरीची भाकरी, पण आपल्यापेक्षा दुप्पट जाड, हातावरच थापलेली, आधी तव्यावर आणि मग निखाऱ्यावर. आपली भाकरी पातळ झाली की सुगरणीचं कौतुक, इथे पातळ झाली तर गरिबी दिसते. सोगरा मोडून त्यात बोटाने खळगे करायचे आणि ते तुपाने भरायचे. सोबत कढी, काचरीची चटणी, दह्यातले काळे चणे, गव्हाची लापशी. बाहेर पुरुषांकडे मटणही होतं, आमच्या बाजूला नंतर आलं. आणि केर-सांगरी. टोमॅटो नाही, काजू नाही, रस्साही नाही. सांगरी, केर आणि कुमटाच्या बिया भिजवून, उकडून, तेलात सुक्या लाल मिरच्यांबरोबर परतलेल्या, शेवटी आमचूर. सांगरी किंचित धुरकट, केर कडवट-आंबट, आणि कुमट दाताखाली येतं तेव्हा मध्येच मऊ. कालच्या तंबूतल्या भाजीचं आणि हिचं फक्त नाव एक.

मनुहार म्हणजे आपला आग्रह, फक्त इथे यजमानीण स्वतःच्या हाताने घास तोंडात घालते आणि तोंड बंद ठेवलं तर तूप हनुवटीवर येतं. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या मलाही हे झेपेना.

जेवण झाल्यावर मघाचीच म्हातारी पाय पसरून बसली आणि मी भाजीबद्दल विचारलं. ती हसली. तुम्ही लोक आता हे हॉटेलात खाता, म्हणाली, आमच्याकडे हे काळाचं खाणं. काळ म्हणजे दुष्काळ. मग छप्पनियाची गोष्ट निघाली, विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा महादुष्काळ. तिच्या सासूच्या सासूने सांगितलेली. धान्य संपलं, सांगरी संपली, मग खेजडीची साल कुटून पिठात घातली. माझ्या आजीच्या तोंडी असाच ७२ चा दुष्काळ असायचा, सुकडी आणि मिलोचं नाव काढल्याशिवाय तिचं जेवण व्हायचं नाही. मी म्हातारीला ते मोडक्या हिंदीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “थारे खेजडी कोनी?” तुमच्याकडे खेजडी नाही का? आहे, म्हटलं, पण आम्ही तिची फक्त पूजा करतो. हे तिला फार विचित्र वाटलं.

चौथा दिवस

सकाळी लोदुर्वा. जैसलमेरच्या आधीची भाटींची राजधानी, आता बघायला पार्श्वनाथाचं देखणं जैन मंदिर. जवळच काक नदीचं कोरडं पात्र आणि मूमलच्या मेडीचे, म्हणजे महालाचे, म्हणून दाखवतात ते ढिगारे. अमरकोटचा महेंद्र रोज रात्री उंटावरून मूमलला भेटायला यायचा. एका रात्री पुरुषवेशात झोपलेली तिची बहीण त्याने पाहिली, गैरसमज करून परत गेला, आणि पुढे दोघांचाही शेवट वाईट झाला. अमरकोट आज पाकिस्तानात आहे. मांगणियारांची सोयरीक मात्र दोन्हीकडे आहे आणि मूमलही दोन्हीकडे गातात. बाकी लोदुर्व्याला पाऊण तास पुरतो.

दुपारी बाजारात केर-सांगरीची खरेदी. भाव सुक्या मेव्याचा आहे, दचकू नये. केर बारीक घ्यावेत, मोठ्यांत बिया फार. सांगरी बारीक, काळपट-तपकिरी, हाताने मोडल्यावर कट्‌ आवाज येणारी. चैत्र-वैशाखात झाडावरची कोवळी तोडून उकडून वाळवतात, तेव्हा आलात तर ताजी मिळेल, पण तेव्हा ऊन सोसवणार नाही. केराचा कडूपणा जायला तो मिठाच्या पाण्यात किंवा ताकात दोन-तीन दिवस ठेवायचा आणि पाणी बदलत राहायचं. दुकानदाराने हे सगळं सांगितलं आणि मग तयार मसाल्याचं पाकीट पुढे केलं. ते आम्ही घेतलं नाही.

दुकानातून बाहेर पडतो तोच कुणीतरी “पूनावाळी बाईसा!” म्हणून हाक मारली. कालच्या कोटडीतला खडतालवाला पोरगा, नवऱ्याने ओळखला. जीन्स, डोळ्यांवर गॉगल, पिशवीत फेटे इस्त्री करून आणलेले. संध्याकाळी समला निघाला होता. चहा घेतला. महिना-दीड महिन्याने तो चुलत्यांबरोबर फ्रान्सला जाणार होता, तिसऱ्यांदा. कसं वाटतं तिथे, मी विचारलं. म्हणाला, पैसे चांगले, थंडीत कमायचाची कातडी ढिली पडते, आणि लोक फार गप्प बसतात. “गाना खतम होने तक कोई कुछ बोलता ही नहीं. लगता है, कुछ गड़बड़ हो गई.” तंबूतल्या डीजेवर त्याचा राग नव्हता, त्याच पैशांतून बहिणीचं लग्न झालं होतं. पण पुढच्या रविवारची त्याला चिंता होती. मास्तरांच्या भाऊबंदांत लग्न निघालेलं, आणि त्याच रात्री समला मोठ्या पार्टीची सुपारी. लग्नात धान्य आणि थोडी रोख मिळणार, समला त्याच्या कितीतरी पट.

“मग?” नवऱ्याने विचारलं.

“मग काय, लग्नाला जाणार. जजमान छे.”

“आणि कॅम्पवाल्याला काय सांगणार?”

“भाई को भेज दूँगा,” तो गॉगल पुसत म्हणाला. “निंबुडा तो सबको आता है.”